वजन किती, वय किती?

पूर्व विदर्भातल्या देवरी तालुक्यात साठीपुढच्या माणसाला जन्मतारीख विचारली, तर पुष्कळदा १ जून किंवा १ जुलै असं उत्तर येतं. नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ती तारीख. शाळेची पायरी न चढलेल्यांचं वय तर आधार कार्ड काढताना चेहरा पाहूनच ठरलं. कागद बाजूला ठेवून शरीराकडे पाहून वय सांगायचं, हाच खटाटोप आता प्रयोगशाळांमध्येही चालू आहे.

२०१३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टीव्ह होरवाथ यांनी त्याची एक रीत मांडली. वय वाढतं तसे डीएनएवर काही ठिकाणी मिथाइल नावाचे रासायनिक गट चिकटतात, काही ठिकाणी सुटतात. अशा ३५३ जागा पाहून त्यांनी वय वर्तवलं. निम्म्या नमुन्यांत चूक ३.६ वर्षांहून कमी निघाली. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह लठ्ठ माणसांच्या अवयवांचं वय तपासलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दहाने वाढला की यकृताचं वय ३.३ वर्षांनी पुढे गेलेलं दिसलं. रक्तात, स्नायूंत मात्र तसा फरक सापडला नाही. एकाच देहात यकृत पन्नाशीचं आणि रक्त पंचेचाळिशीचं असू शकतं. शस्त्रक्रियेने वजन झपाट्याने उतरवलेल्यांचं यकृतही नऊ महिन्यांत तरुण झालं नाही.

यकृतच का? पोटातल्या चरबीचं रक्त आतड्यांच्या रक्ताबरोबर आधी यकृताकडेच जातं. कातडीखालची चरबी बरीचशी निमूट असते. आतड्यांभोवतीची तशी नसते. तिच्या पेशी फुगल्या की सूज आणणारी रसायनं सोडतात. तिथे विभागणंही थांबलेल्या आणि मरायलाही तयार नसलेल्या म्हाताऱ्या पेशी साठतात आणि शेजारच्या पेशींनाही बिघडवतात. ही सूज दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही.

आता कुणी म्हणेल, हे लठ्ठांचं दुखणं. धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या, हाडं मोजता येतील अशा गोंड-हलबा माणसांचा त्याच्याशी काय संबंध? या प्रश्नाचं उत्तर पुण्याने दिलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दोघेही दिसायला सडपातळच.

याचं मूळ याज्ञिकांच्या चमूला पाळण्यात सापडलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा त्यांनी अभ्यास मांडला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत पुष्कळ मागे होती, चरबीत फारशी नाही. गर्भात चणचण असली की शरीर मेंदू सांभाळतं, चरबी राखतं आणि कात्री चालवतं ती स्नायूंवर. असं बाळ मोठेपणी जरा खाऊनपिऊन बसतं झालं की चरबी पोटातच साठते. जन्मवजनाची ही ओढगस्त पूर्व विदर्भाला नवी नाही.

तेव्हा देवरीतली चिंता दुहेरी आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ गावाला लागूनच जातो. मोटरसायकल, थ्रेशर, बिस्किटांचे पुडे हे सगळं त्या वाटेने आलं. रोवणा अजून बायकांच्या कमरेवरच चालतो, पण चुरणा यंत्राने होतो आणि ताटात तिन्ही त्रिकाळ पॉलिश केलेला भात. माझ्या मते इथल्या आरोग्य केंद्रात वजनकाट्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी. भारतीयांसाठी पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, बायकांची ८० ही धोक्याची रेघ मानतात. बीएमआयचा इशाराही २५ ऐवजी २३ वरच.

म्हातारपणी मात्र पारडं उलटतं. सत्तरीत विनाकारण वजन उतरणं ही खुशीची बातमी नव्हे. चरबीऐवजी स्नायू झडत असतात. मुठीची ताकद पुरुषात २८ किलोच्या आत, स्त्रीत १८ च्या आत आली, तर आशियाई तज्ज्ञ सावध होतात. यंत्र नसेल तर हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरला दाखवा. बाकी वजन कितीही असो.

कमी खाल्ल्याने म्हातारपण लांबतं का? अमेरिकेत लठ्ठ नसलेल्या सव्वादोनशेच्या आसपास माणसांवर दोन वर्षं हा प्रयोग झाला. २५ टक्के उष्मांक कमी करायचे ठरलं होतं, प्रत्यक्षात साधले बारा टक्क्यांच्या आसपास. २०२३ च्या निष्कर्षांनुसार वयाचा वेग मोजणाऱ्या एका चाचणीत तो दोन-तीन टक्क्यांनी मंदावला, इतर चाचण्यांत काही फरक नाही. हे खाऊन तृप्त असलेल्यांचं आहे, हे विसरू नये. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भूक पसरली, तेव्हा जे पोटात होते त्यांचं शरीर साठीपर्यंत इतरांपेक्षा जलद म्हातारं होताना दिसलं. ठरवून केलेला उपास आणि आईवर लादलेली उपासमार यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

म्हणून पुण्याचा चमू आईच्याही मागे गेला. आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलात इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती वाढते, हे त्यांना दिसलं होतं. २०१२ पासून त्याच गावांतल्या, अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना लग्नाआधीच रोज बी-१२ च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. हे जीवनसत्त्व दुधात, अंड्यांत, मासळीत मिळतं. देवरीकडे त्याची वानवा नसावी. माजी मालगुजारी (मामा) तलावांतले, बोड्यांतले मासे ढिवर विकायला आणतात. गरोदर सुनेला त्यातलं किती मिळतं, हे मात्र त्या घरात कोण आधी जेवतं यावर ठरतं.