वेबपेजच्या मागे जड फोटो कशाला? रंगाची छटा टाका, पान झटक्यात उघडेल!

आंब्याचा सीझन सुरू झाला की अनेक बागायतदार स्वतःचं वेबपेज बनवून घेतात. दलाल नको, पेटी थेट गिऱ्हाईकाच्या घरी, हा हिशोब. पान देखणं दिसावं म्हणून मागे बागेचा मोठा फोटो लावला जातो. इथेच घोळ होतो. फोटो उघडता उघडत नाही, आणि उघडला तरी पानाफांद्यांच्या गर्दीत भाव आणि मोबाईल नंबर वाचता येत नाही. गिऱ्हाईक वाट बघत नाही, दुसऱ्याच्या पानावर जातं.

यावर सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे ग्रेडियंट.

ग्रेडियंट म्हणजे काय?

एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणारी छटा. पिकत आलेला हापूस बघा. देठाकडे हिरवट, मग पिवळा, मग केशरी. मध्ये कुठेही रेघ नाही. कॉम्प्युटरमध्ये हेच आकड्यांनी होतं. प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तिघांच्या मिश्रणातून बनतो आणि प्रत्येकाचं प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. सुरुवातीचा आणि शेवटचा रंग आपण द्यायचा, मधल्या पायऱ्या सॉफ्टवेअर भरतं.

फायदा किती?

फोनने काढलेला फोटो सहज ४ एमबीचा असतो. नेटचा स्पीड १ एमबीपीएस असेल, तर एवढा फोटो यायला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागतो. ग्रेडियंटच्या पट्टीची फाईल मात्र काही केबींचीच असते. रेंजची बोंब असलेल्या गावातही ती पटकन येते.

पट्टी कशी बनवायची?

कॉम्प्युटरवर गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर टाकून घ्या. फक्त फोन असेल तर कॅनव्हा ॲपमध्येही रंग निवडताना ग्रेडियंटचा पर्याय मिळतो. गिम्पमधली कृती अशी:

१. नवीन फाईल घ्या. रुंदी २० पिक्सेल, उंची ८०० पिक्सेल. रुंदी एवढीशी का, ते पुढे कळेल.

२. दोन रंग निवडा. उदाहरणार्थ, वरचा फिकट साईसारखा (लाल २५५, हिरवा २५०, निळा २२०) आणि खालचा आंब्यासारखा (लाल २५५, हिरवा २००, निळा ६०).

३. ग्रेडियंट टूल घ्या. कंट्रोल बटण दाबून वरून खाली सरळ रेघ ओढा, म्हणजे ती तिरकी जाणार नाही. मग एंटर दाबा.

४. फाईल पीएनजी प्रकारात एक्सपोर्ट करा. जेपीजी केली तर छटेत डाग दिसू शकतात.

आता पान बनवणाऱ्याला दोन गोष्टी सांगायच्या. पहिली, ही पट्टी फक्त आडवी रिपीट करायची. २० पिक्सेलची पट्टी शेजारी शेजारी लागत जाते आणि पूर्ण रुंदी भरते, म्हणून मोठी फाईल लागतच नाही. दुसरी, पानाचा मूळ रंग पट्टीच्या खालच्या रंगासारखाच ठेवायचा. पान ८०० पिक्सेलपेक्षा लांब असलं, तरी पट्टी संपते तिथे रेघ दिसणार नाही. बरेच जण ही दुसरी गोष्ट विसरतात आणि पान मधूनच कापल्यासारखं दिसतं.

पट्टीशिवायही जमतं

आजच्या सगळ्या ब्राउझरमध्ये छटा काढायची सोय आतच आहे. पान बनवणाऱ्याने सीएसएसमध्ये ‘लिनिअर ग्रेडियंट’ची एक ओळ लिहिली आणि दोन रंग दिले की फोन स्वतःच छटा रंगवतो. वेगळी फाईलच नको. मग सॉफ्टवेअर कशासाठी? रंग डोळ्यांनी बघून ठरवण्यासाठी. गिम्पमध्ये दोन-चार जोड्या करून बघा, आवडलेल्या जोडीचे आकडे कागदावर लिहा आणि पान बनवणाऱ्याच्या हातात द्या. ‘जरा पिवळसर करा’ असं फोनवर सांगत बसण्यापेक्षा हे बरं.

पट्टे दिसले तर?

दोन्ही रंग फारच जवळचे असले की छटा गुळगुळीत न येता पट्टे पडतात. कारण साधं आहे. तिन्ही आकड्यांत फक्त २०-२० चा फरक असेल, तर मध्ये २० च पायऱ्या होतात. ८०० पिक्सेलमध्ये २० पायऱ्या म्हणजे प्रत्येक पट्टा ४० पिक्सेल जाड, डोळ्याला दिसणारच. रंगांत फरक वाढवा किंवा पट्टीची उंची कमी करा. वरच्या उदाहरणात निळ्याच्या आकड्यात १६० चा फरक आहे, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

सगळ्यात मोठी चूक

वर गडद हिरवा, खाली पिवळा आणि अक्षरं पांढरी. ही जोडी दिसायला झकास, पण धंद्याला घातक. वेबपेजच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे साध्या आकाराची अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजेडाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं. गडद हिरव्यावर पांढरं अक्षर ७ ला १ च्या आसपास जातं, म्हणजे छान. पण भडक पिवळ्यावर तेच प्रमाण जेमतेम १ ला १ उरतं. अक्षर जवळजवळ गायबच! आणि भाव, पत्ता, नंबर तर बहुतेक पानांवर खालीच असतात.

म्हणून छटेच्या दोन्ही टोकांवर अक्षर वाचता येतंय का ते तपासा. साय ते आंबा या छटेवर काळी अक्षरं ठेवली, तर खालच्या टोकालाही प्रमाण १३ ला १ च्या वर राहतं. उजेडाचं प्रमाण मोजणारी मोफत साधनं नेटवर आहेत. पण सगळ्यात भरवशाची तपासणी घरचीच. पान फोनवर उघडा, भर दुपारी अंगणात उभे राहा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नंबर वाचायला सांगा. त्यांनी चष्मा न शोधता वाचला, तर पान तयार. अडखळले, तर पेट्या भरण्याआधी रंग बदला.