खुबा नवा, घर जुनेच

खुबा बदलण्याचे ऑपरेशन दीड-दोन तासांत आटोपते. त्यानंतर माणसाला आधाराशिवाय नीट चालता येण्यासाठी सहा आठवडे ते तीन महिने लागतात आणि हा बहुतेक काळ घरीच काढायचा असतो. म्हणजे सांधा डॉक्टर बसवतो, पण माणूस उभा राहतो तो घराच्या बळावर. ते घर कसे आहे आणि त्या घरात कोण राबते आहे, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझा डावा खुबा बदलावा लागला. मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मेला होता. कोर्टाच्या पायऱ्या चढताना कळ यायची. मोर्चे आणि तारखा यांच्या धावपळीत ती मी दोन वर्षे अंगावर काढली. शेवटी ऑपरेशन झाले आणि पाचव्या दिवशी सूचनांचा कागद हातात देऊन मला घरी पाठवले.

तो कागद असा होता. खाली बसायचे नाही. मांडी घालायची नाही. पायावर पाय टाकायचा नाही. गुडघा खुब्याच्या वर जाईल असे वाकायचे नाही. झोपताना दोन पायांमध्ये उशी ठेवायची. खुर्ची उंच हवी, संडासाचे भांडे उंच हवे. वॉकर घेऊन दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालायचे. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आले किंवा ताप आला, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आजचा कृत्रिम खुबा मुख्यतः जॉन चार्नले या इंग्लिश सर्जनच्या कामातून आला. धातूचा गोल आणि प्लास्टिकची वाटी असलेला सांधा त्यांनी राइटिंग्टन येथील रुग्णालयात १९६२ साली बसवला. हा सांधा खुर्चीवर बसणाऱ्या समाजात जन्मला. आपण मात्र जेवतो जमिनीवर, संडासला बसतो उकिडवे आणि वंदना घेतो गुडघे टेकून.

माझे निभावले. घर तळमजल्यावर, संडास घरातच आणि त्यात कमोड. पण वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर चंद्रपूर जिल्ह्यातला एक अठ्ठावीस वर्षांचा मुलगा होता. सिकलसेलने त्याचा खुबा खाल्ला होता. गावात मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता. ते काम सगळे उकिडवे बसूनच करायचे. त्याचेही ऑपरेशन चांगले झाले. दीड महिन्याने मी फोन केला, तेव्हा तो पुन्हा दवाखान्यात होता. सांधा निखळला होता. म्हणाला, "वकीलसाहेब, संडास आंगणाच्या टोकाले हाय. माय धरून नेते, पण बसाले तर खालीच लागते ना." बेशुद्ध करून सांधा पुन्हा बसवला होता. कागद त्यालाही दिला होता. कागदावर लिहिले होते ते घर त्याच्याकडे नव्हते.

हा एका मुलापुरता प्रश्न नाही. विदर्भात सिकलसेल प्रामुख्याने आदिवासी आणि अनुसूचित जातींत, म्हणजे आपल्याच वस्त्यांत आहे. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडाचा गोल मरू शकतो. म्हणून म्हातारपणात येणारे ऑपरेशन आपल्या पोरांच्या वाट्याला पंचविशी-तिशीत येते. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासणी झालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याचा खुबा आधीच गेला, त्याच्या अंगणाच्या टोकावरच्या संडासाचे काय?

महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेमुळे गरिबांना मोठ्या शस्त्रक्रियांचे दार उघडले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्या मूळ आखणीत घरी सोडल्यानंतरच्या दहा दिवसांपर्यंतचाच खर्च धरलेला आहे. दहा दिवसांत फार तर टाके निघतात. वॉकर, कमोडची खुर्ची, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट आणि बुडालेली मजुरी हे सगळे अकराव्या दिवसापासून रुग्णाच्या डोक्यावर येते.

आजारी कामगाराच्या चुलीची जबाबदारी समाजाची आहे, हे तत्त्व या देशाला नवे नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवला गेला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारपणात रोख भत्ता मिळण्याचा हक्क त्याने दिला, पण तो मुख्यतः कारखान्याच्या दारातच थांबला. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सिकलसेलला दिव्यांगत्वात मोजतो. त्याच्या कलम २४ मध्ये काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे, पण तो कायम मोठ्या आधाराची गरज असणाऱ्यांसाठी. तीन महिने अंथरुणाला खिळलेला मजूर आणि त्याला उचलणारी माय यांना या दोन्ही कायद्यांत जागा नाही.

आता थोडे स्वतःबद्दल बोलले पाहिजे, कारण सरकारला जाब विचारणे मला सोपे जाते.

माझी सहचारिणी खाजगी शाळेत शिक्षिका आहे. तिने महिनाभराची बिनपगारी रजा काढली. पहिल्या काही रात्री मला उठता येत नव्हते, तेव्हा शौचाचे भांडे तिनेच लावले, तिनेच धुतले. चळवळीतले मित्र रोज भेटायला येत. फळे आणत, तासभर राजकारणावर बोलत, तिच्या हातचा चहा पिऊन जात. आज रात्री मी थांबतो, असे एकही जण म्हणाला नाही. त्यांना दोष देत नाही. आईच्या आजारपणात मीही औषधांची बिले भरून मोकळा झालो होतो.

आठव्या रात्री तिला ताप आला. भांडे न्यायला मुलाला सांगावे लागणार होते. सतरा वर्षांच्या त्या मुलाला सांगताना मला संकोच वाटला. बायकोला सांगताना एकदाही वाटला नव्हता. दुसऱ्यांची घाण उचलण्याची सक्ती झुगारून देणाऱ्या समाजाचा मी माणूस. घरातली घाण मात्र मी न बोलता बाईच्या वाट्याला ठेवली होती. मुलाने भांडे उचलले, धुतले, हात धुऊन आला आणि अभ्यासाला बसला. अडचण त्याची नव्हती, माझीच होती.

विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची हकिकत आहे. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. रुग्णाची सेवा कोणी करावी, हे सांगताना तिथे मलमूत्राची किळस नसणे हा गुण मोजला आहे. हा गुण भिक्खूंना, म्हणजे पुरुषांना सांगितला होता, हे आपण विसरतो.

मागण्या करूच. फुले योजनेत दहा दिवसांऐवजी निदान तीन महिन्यांचा खर्च धरला पाहिजे. वॉकर आणि कमोडची खुर्ची घरी सोडतानाच मिळाली पाहिजे. मजुरीची भरपाई झाली पाहिजे. पण शासननिर्णय निघेपर्यंत आपले हात रिकामे का? प्रत्येक विहारात दोन वॉकर आणि दोन कमोडच्या खुर्च्या ठेवल्या, तर वस्तीतले रुग्ण त्या आळीपाळीने वापरू शकतील. वंदनेच्या वेळी मागे खुर्च्यांची एक रांग लावली, तर खुबा बदललेला माणूस घरी बसून राहणार नाही. वस्तीत कुणाचे ऑपरेशन झाले, तर रात्री थांबायची पाळी लावा आणि त्या यादीत पहिली नावे पुरुषांची लिहा.

मी आता काठी सोडली आहे. कोर्टाच्या पायऱ्या चढताना कळ येत नाही. तो मुलगा अजून कामावर गेलेला नाही. आमच्या काही मित्रांनी वर्गणी काढून त्याच्याकडे कमोडची खुर्ची पोहोचवली. ती पोहोचली तेव्हा त्याचा सांधा एकदा निखळून गेला होता. ती त्याच्या खाटेबरोबरच घरी जायला हवी होती.