ढगाळ आभाळाखाली जलक्रीडेचे छायाचित्रण: आधी शटर, मग बाकीचे

देवास जिल्ह्यातील बागली हा माळव्याच्या पठाराचा दक्षिण काठ. येथे उगम पावणारी कालीसिंध उत्तरेकडे वाहत जाऊन चंबळेला मिळते. विंध्याचा दक्षिण उतार मात्र नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. हीच नर्मदा पुढे अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वराजवळ काळ्या खडकांतून अनेक धारांनी फुटते. या ठिकाणाला सहस्रधारा म्हणतात. २०२३ साली मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांतील कनू स्लॅलमच्या शर्यती याच प्रवाहात झाल्या.

या खेळात नाविकाला पाण्यावर टांगलेल्या दांड्यांच्या जोड्यांमधून, म्हणजेच ‘गेट’मधून, नाव न्यावी लागते. दांडीला स्पर्श झाला तर वेळेत २ सेकंदांची भर पडते आणि गेट चुकले तर ५० सेकंदांची. नाविक एका गेटमधून एका फेरीत एकदाच जातो. छायाचित्रकारालाही तो क्षण एकदाच मिळतो. आभाळ भरून आले असेल, तर बहुतेक वेळा तो हुकण्याचे कारण कॅमेऱ्याची चुकीची मांडणी हेच असते.

छायाचित्रात किती प्रकाश उतरणार, हे तीन गोष्टी ठरवतात: भिंगाचे छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ. स्वच्छ उन्हात एफ १६ छिद्र ठेवल्यास शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका ठेवावा, हा जुना आणि विश्वासू ठोकताळा आहे. आयएसओ १०० असेल तर शटर १/१०० सेकंद. दाट ढगांखाली प्रकाश सुमारे एक अष्टमांश उरतो. म्हणून तोच ठोकताळा एफ ५.६ला लागू पडतो. आयएसओ १००, एफ ५.६ आणि शटर १/१०० सेकंद, असे गणित जमते खरे; पण या वेगाने उसळते पाणी टिपता येत नाही.

ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी नाव १/१०० सेकंदात ५ सेंटीमीटर पुढे सरकते, तर १/१००० सेकंदात केवळ ५ मिलिमीटर. वल्ह्याचे पाते आणि उडणारे तुषार त्याहून वेगवान असतात. म्हणून आधी शटर १/१००० ते १/१६०० सेकंदांच्या दरम्यान निश्चित करावे, छिद्र भिंगाला झेपेल तितके मोठे ठेवावे आणि उरलेली तूट आयएसओने भरून काढावी. एफ ५.६ला दाट ढगांखाली १/१००० सेकंदासाठी आयएसओ १०००, तर १/१६०० सेकंदासाठी १६०० लागेल. एफ २.८चे भिंग असेल, तर त्याच्या एक चतुर्थांश आयएसओ पुरतो.

आयएसओ वाढला की चित्रात दाणे येतात, ही धास्ती अनेकांना आखडता हात घ्यायला लावते. दाणे नंतर संगणकावर बरेच कमी करता येतात; हललेला चेहरा मात्र पुन्हा स्पष्ट करता येत नाही. दोन उणिवांपैकी एक पत्करायची झाली, तर दाणे पत्करावेत.

दुसरी अडचण प्रकाशमापकाची. तो समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. चौकटीत पांढरा फेस किंवा उजळ आभाळ अधिक आले, तर तो प्रकाश घटवतो आणि हेल्मेटखालचा चेहरा काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर सुमारे अर्धा ते एक स्टॉप वाढवावे. मागे काळा खडक अधिक असेल, तर उलट थोडे कमी करावे. फेसातील बारकावे जळून गेले नाहीत ना, हे हिस्टोग्राममध्ये पाहावे. आलेख उजव्या कडेला चिकटला असेल तर प्रकाश जास्त झाला आहे.

ढग एकसारखे असतील, तर तिन्ही मूल्ये हाताने ठरवून कायम ठेवणे उत्तम, कारण मग पार्श्वभूमी बदलली तरी चित्राचा उजेड बदलत नाही. ढग फाटून ऊन येत-जात असेल, तर शटर आणि छिद्र हाताने ठरवून आयएसओ स्वयंचलित ठेवावा. पोलरायझर फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणून तो उतरवून ठेवावा. फ्लॅश टाळावा, त्याने नाविकाचे लक्ष विचलित होऊ शकते. रंगांची निळसर छटा घालवण्यासाठी व्हाइट बॅलन्स ‘क्लाउडी’वर ठेवावा आणि शक्य असल्यास रॉ स्वरूपात चित्रे घ्यावीत.

गोव्यात सत्तरीतील म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग चालते, तेव्हा हीच आकडेमोड उपयोगी पडते. तेथे झाडीची सावली असेल तर आयएसओ ३२००पर्यंतही न्यावा लागेल. पहिली नाव येण्यापूर्वी त्याच जागेचे एक चाचणी-चित्र घ्यावे. पहिल्या नावेचे चित्र पडद्यावर मोठे करून नाविकाचा चेहरा तपासावा. तो अस्पष्ट असेल, तर दुसरी नाव येण्याआधी शटरचा वेग वाढवावा.