‘अनटोवर्ड’ : एका इंग्रजी विशेषणाचें वळण

एखादी मोठी यात्रा, मिरवणूक किंवा निवडणूक पार पडली, कीं दुसऱ्या दिवशींच्या इंग्रजी वृत्तपत्रांत एक ठराविक वाक्य हटकून आढळतें. कोठेंही ‘अनटोवर्ड’ घटना घडली नाहीं, असें तें वाक्य. मराठी पत्रांत त्याचेंच ‘अनुचित प्रकार घडला नाहीं’ असें रूप होतें. परवां आमच्या नातीनें हीं दोन्हीं पत्रें समोर ठेवून आम्हांस विचारलें, “आजोबा, अनटोवर्ड म्हणजे अनुचित ना? मग कोशांत प्रतिकूल असें कां दिलें आहे? अनुचित आणि प्रतिकूल हे कांहीं एक नव्हेत.”

प्रश्न मार्मिक होता. उन्हाळा शेतकऱ्यास प्रतिकूल असेल, पण त्यास अनुचित कोण म्हणेल? आम्हीं तिला त्या वेळीं थोडक्यांत उत्तर दिलें. परंतु या शब्दाशीं आमचा एक जुना हिशेब आहे. आमच्या नोकरींत आम्हीं तो एकदां वापरला आणि त्याबद्दल आम्हांस आजही वाईट वाटतें. तो प्रसंग शेवटीं सांगूं. आधीं शब्दाचें कुलशील पाहूं.

या शब्दाचे तीन अवयव आहेत : ‘अन्’, ‘टु’ आणि ‘वर्ड’. पहिला अवयव आपल्या ‘अनादि’, ‘अनंत’ यांतील नञर्थक ‘अन्’चा सख्खा भाऊ आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘कडे’. तिसरा जो ‘वर्ड’, त्याचा ‘शब्द’ या अर्थाच्या इंग्रजी नामाशीं कांहींएक संबंध नाहीं. ‘वळलेला’ असा त्याचा मूळ अर्थ असून ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’, ‘होमवर्ड’ या शब्दांत तोच दिसतो. लॅटिन भाषेंतील ‘वर्टेरे’ म्हणजे वळणें, आणि आपल्या संस्कृतांतील ‘वृत्’ हा धातु, हे त्याचे आप्त होत. परिवर्तन, निवृत्ति, आवर्तन हे शब्द ज्या मुळापासून निघाले, त्याच मुळाची फांदी इंग्रजांच्या घरीं ‘वर्ड’ होऊन राहिली आहे. तेव्हां ‘टोवर्ड’ म्हणजे अभिमुख, आणि ‘अनटोवर्ड’ म्हणजे जो अभिमुख नाहीं तो. याला आणखी एक भावंड होतें : ‘फ्रोवर्ड’, म्हणजे पलीकडे तोंड फिरविलेला, पराङ्मुख. तो शब्द आतां जुन्या ग्रंथांबाहेर सहसा भेटत नाहीं. शेक्सपिअरच्या ज्या नाटकांत एका कजाग मुलीला वठणीवर आणण्याची कथा आहे, त्यांत हीं तिन्हीं भावंडें एकत्र नांदतांना दिसतात.

आतां या शब्दाचें पहिलें आयुष्य पाहा. सोळाव्या शतकांत हा शब्द इंग्रजींत प्रचारांत आला, तेव्हां तो घटनेस नव्हे, तर माणसास, आणि विशेषतः मुलास लावीत. शिकविलेलें घेणारें, होतकरू, आज्ञाधारक मूल तें ‘टोवर्ड’. हट्टी, सांगितलेलें न ऐकणारें मूल तें ‘अनटोवर्ड’. १६११ सालीं इंग्लंडांत बायबलाचें जें राजमान्य भाषांतर प्रसिद्ध झालें, त्यांतही पीटर आपल्या श्रोत्यांस ज्या पिढीपासून दूर राहावयास सांगतो, त्या पिढीस हेंच विशेषण लाविलेलें आहे. तेथें मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वांकडी’ असा आहे. १७५५ सालच्या डॉक्टर जॉन्सनच्या प्रसिद्ध कोशांतही हट्टी, ज्याला सहज मार्गावर आणतां येत नाहीं असा, हाच अर्थ अग्रभागीं आहे.

मराठी वाचकास या अर्थाचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपणही मुलाला ‘वळण लावतों’, ‘या पोराला वळण नाहीं’ असें म्हणतों, आणि कोणी फारच बिघडला तर तो ‘वांकड्या वाटेला लागला’ असें म्हणतों. टेम्सकांठच्या आणि मुळा-मुठेकांठच्या आयांनीं एकमेकींस न विचारतां एकच उपमा योजली आहे. मूल म्हणजे जणूं एक कोंवळी वेल. ती आपल्या बाजूस वळली तर चांगली, न वळली तर वाईट. यांतील ‘आपल्या बाजूस’ हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे.

माणसावरून हें विशेषण हळूहळू घटनेकडे सरकलें. जें मूल आपल्याकडे वळत नाहीं तें अनटोवर्ड. मग जी गोष्ट आपल्या मनाप्रमाणें वळत नाहीं, तीही अनटोवर्ड. कोशांतील ‘प्रतिकूल’ हा अर्थ येथें आला. आणि आपला ‘प्रतिकूल’ तरी मुळांत काय आहे? कूल म्हणजे नदीचा कांठ. कांठाला धरून जातें तें अनुकूल, कांठाच्या उलट जातें तें प्रतिकूल. ‘प्रतीप’ या शब्दांतही प्रवाहच आहे. अप् म्हणजे पाणी. पाण्याच्या उलट तें प्रतीप. द्वीप, अंतरीप, समीप हे त्याचे सहोदर. इंग्रजींतील ‘अॅडव्हर्स’ याही शब्दाची हीच गोष्ट. लॅटिनांत ‘अॅडव्हर्सस’ म्हणजे समोर वळलेला. प्रवाहाविरुद्ध नाव नेणें हें ‘अॅडव्हर्सस’ प्रवाहानें जाणें, आणि प्रवाहाबरोबर नेणें हें ‘सेकुंदस’, म्हणजे मागून येणाऱ्या प्रवाहानें जाणें. सभेंत ठरावास दुजोरा देणाऱ्याच्या क्रियेला इंग्रजींत ‘सेकंड’ करणें म्हणतात, त्यांत हाच अनुकूल प्रवाह वाहतो आहे.

या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकीं एकही शब्द वस्तूचा गुण सांगत नाहीं. तो केवळ दिशा सांगतो. नदी प्रतिकूल नसते. वर जाणाऱ्या नावेला ती प्रतिकूल असते. खालीं जाणाऱ्या नावेला तेंच पाणी अनुकूल. परंतु वापरतां वापरतां माणूस ‘कोणाला’ हा प्रश्न गाळतो आणि दिशेचा शब्द दोषाचा शब्द होऊन बसतो. ‘प्रतिकूल’चें ‘अनुचित’ होतें तें असें.

याचें इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८२८ सालचें आहे. ग्रीक लोकांनीं तुर्की सुलतानाविरुद्ध १८२१ पासून स्वातंत्र्ययुद्ध चालविलें होतें. ६ जुलै १८२७ रोजीं इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांनीं लंडन येथें तह करून उभय पक्षांत मध्यस्थी करण्याचें ठरविलें, आणि तिघांचीं आरमारें ग्रीसच्या समुद्रांत गेलीं. इंग्लिश आरमाराचा आणि या संयुक्त ताफ्याचा मुख्य सर एडवर्ड कॉड्रिंग्टन हा १८०५ सालीं ट्रफाल्गारच्या लढाईंत एका जहाजाचा कप्तान म्हणून लढलेला अनुभवी दर्यावर्दी होता. त्याच्या निशाणाचें जहाज ‘एशिया’ हें ८४ तोफांचें असून तें आपल्या मुंबईच्या गोदींत, वाडिया घराण्यांतील पारशी कारागिरांच्या देखरेखीखालीं, सागवानी लांकडाचें बांधलेलें होतें. १८२४ सालीं तें मुंबईच्या पाण्यांत उतरलें आणि तीन वर्षांनीं ग्रीसच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नाव्हारिनोच्या उपसागरांत नांगर टाकून उभें राहिलें.

२० ऑक्टोबर १८२७ रोजीं हीं जहाजें तुर्की व इजिप्शियन आरमार उभें असलेल्या त्या उपसागरांत शिरलीं, तीं धाक बसविण्यासाठीं. लढाईचा हुकूम नव्हता. परंतु एका होडीवर गोळी झाडली गेली, त्यास उत्तर गेलें, आणि थोड्याच वेळांत सर्व उपसागर धुरानें भरून गेला. कांहीं तासांत तुर्की-इजिप्शियन आरमाराचा बहुतेक नाश झाला. मित्रराष्ट्रांचें एकही जहाज बुडालें नाहीं. निव्वळ शिडाच्या जहाजांनीं लढलेली ही शेवटची मोठी लढाई होय.

इंग्लंडांतील लोकांस आनंद झाला, विजयी सेनापतीस मानाची पदवीही मिळाली. पण राज्यकर्त्यांचें तोंड दुसरीकडे होतें. तह घडवून आणणारा मुख्य प्रधान कॅनिंग ऑगस्ट महिन्यांतच वारला होता. जानेवारी १८२८ मध्यें ड्यूक ऑफ वेलिंग्टन मुख्य प्रधान झाला. १८०३ सालीं असईच्या रणांगणावर मराठ्यांशीं लढलेला आर्थर वेल्स्ली तो हाच. तुर्कस्तान दुबळें झालें तर रशिया बळावेल, ही त्याच्या मंत्रिमंडळाची चिंता. त्या महिन्याच्या २९ तारखेस पार्लमेंटपुढें राजाच्या वतीनें जें भाषण वाचण्यांत आलें, त्यांत या लढाईबद्दल खेद प्रगट करून तिला ‘अनटोवर्ड’ घटना असें म्हटलें होतें. त्याच वर्षीं कॉड्रिंग्टनला परत बोलावण्यांत आलें.

या शब्दांतील मुत्सद्देगिरी पाहण्यासारखी आहे. लढाई चुकीची होती असें सरकारनें म्हटलें नाहीं, कारण जिंकलेल्या सेनापतीला उघड दोष कसा द्यावा? ती योग्य होती असेंही म्हटलें नाहीं, कारण सुलतानास दुखवावयाचें नव्हतें. एका विशेषणांत दोन्हीं साधलीं. घटना जणूं आपोआप, वांकड्या वाटेनें, दारांत येऊन उभी राहिली होती. ती कोणी केली आणि कोणाला प्रतिकूल झाली, हें सांगण्याची गरजच उरली नाहीं. पण ३ फेब्रुवारी १८३० रोजीं लंडन येथेंच ग्रीसच्या स्वातंत्र्यास मान्यता मिळाली, आणि नाव्हारिनोच्या कांठीं वसलेल्या पायलॉस गांवच्या चौकांत आज इंग्लिश, फ्रेंच व रशियन अशा तिन्हीं सेनापतींचें स्मारक उभें आहे. लंडनच्या कांठावरून जें प्रतिकूल, तेंच ग्रीसच्या कांठावरून मुक्तीचें दार. पाणी एकच, नावा दोन.

येथें आमच्या हिशेबाकडे वळतों. आम्ही एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक असतां सातवीच्या वर्गांत एक अबोल मुलगा होता. आम्ही शिकवूं लागलों, कीं तो मान फिरवून खिडकीकडे पाहत बसे. दोनतीनदां हटकलें, उपयोग झाला नाहीं. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकांत शेरा लिहावयाचा होता. नुकताच जॉन्सनचा कोश चाळलेला; जुन्या अर्थानें आम्हीं मोठ्या ऐटींत एकच इंग्रजी शब्द लिहिला : अनटोवर्ड. आमच्या मतें याहून समर्पक शब्द नव्हता.

चार दिवसांनीं मुलाचे वडील प्रगतिपुस्तक घेऊन आमच्या घरीं आले. ते कचेरींत कारकून होते. घरच्या लहानशा कोशांत त्यांनीं तो शब्द पाहिला होता, आणि तेथें त्यांस ‘अशुभ’ असा अर्थ मिळाला होता. बसावयास सांगितलें तरी ते बसले नाहींत. म्हणाले, “गुरुजी, याला जन्म देतांना याची आई गेली. घरांतलीं वडीलधारीं माणसें याला जें म्हणत आलीं, तेंच आपणही लिहिलेंत?”

आमच्या तोंडचें पाणी पळालें. आम्ही त्यांस घाईघाईनें सांगूं लागलों, कीं या शब्दाचा जुना अर्थ तसा नाहीं, सोळाव्या शतकांत तो निराळ्या अर्थानें वापरीत. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “घरीं पोरगा वाट पाहतो आहे. त्याला कोणत्या शतकांतला अर्थ सांगूं?”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलास जवळ बसवून घेतलें. गोष्ट अगदीं साधी निघाली. लहानपणच्या दुखण्यानें त्याचा उजवा कान जवळजवळ गेला होता. आमचें बोलणें ऐकूं यावें म्हणून तो डावा कान आमच्याकडे करी. तसें करितांना मान उजवीकडे वळे, आणि उजवीकडे खिडकी होती. वर्गांत जो आम्हांस सर्वांत पराङ्मुख वाटला, तोच खरें पाहतां सर्वांत अधिक आमच्याकडे वळलेला होता! त्यानें हें आधीं कां सांगितलें नाहीं, असें विचारतां तो खालीं पाहून म्हणाला, “आणखी एक उणें दिसलें असतें, गुरुजी.”

आम्हीं तो शेरा खोडून स्पष्ट मराठींत लिहिलें : ‘ऐकण्याकडे लक्ष आहे. उजव्या कानास कमी ऐकूं येतें. पुढच्या बांकावर उजव्या टोकास बसवावें.’ खाडाखोडीखालीं स्वाक्षरी केली आणि पुस्तक घेऊन स्वतः त्यांच्या घरीं गेलों. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत आम्हीं कोणत्याही मुलाच्या नांवापुढें एकशब्दी विशेषण लिहिलें नाहीं. काय दिसलें आणि काय करावें, एवढेंच लिहीत गेलों. त्यास दोन ओळी अधिक लागतात, पण त्या वाचून कोणाला कोश उघडावा लागत नाहीं.

नातीला आम्हीं जें उत्तर दिलें तें असें : अनटोवर्ड म्हणजे अनुचित नव्हे; आपल्याकडे न वळलेलें. आणि हा शब्द, किंवा आपला ‘प्रतिकूल’, जेथें जेथें वाचशील, तेथें एक प्रश्न लिहिणाऱ्यास विचारीत जा : कोणाला? तिनें पुन्हां वृत्तपत्र उघडलें आणि म्हणाली, “मग दगडफेक झाली नाहीं, कोणी जखमी झालें नाहीं, असें सरळ लिहितां आलें असतें कीं!”

आलें असतें खरें.