बाटलीतील पाण्याचा पहारा

गोदावरीकाठी वसलेले शहागड धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. मालाच्या ने-आणीने गजबजलेल्या अशा गावांना अपघात अपरिचित नसतात. बरगडी मोडून फुप्फुसाला इजा झाली, तर छातीत हवा किंवा रक्त साठते आणि फुप्फुस आकसते. न्यूमोनियानंतर छातीत पू साठला, तरी हीच अवस्था ओढवते. अशा वेळी डॉक्टर बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडतात.

यामागील तत्त्व साधे आहे. नळीचे टोक पाण्यात सुमारे 2 सेंटिमीटर बुडालेले असते. छातीतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. बाहेरची हवा मात्र आत शिरू शकत नाही. हॅम्बुर्गचे वैद्य गोथार्ड ब्यूलाउ यांनी 1875 मध्ये ही पद्धत वापरली व 1891 मध्ये ती प्रसिद्ध केली.

श्वासाबरोबर नळीतील पाणी वरखाली होते. ही हालचाल थांबली, तर नळी दुमडलेली किंवा चोंदलेली असू शकते, अथवा फुप्फुस पूर्ण फुगलेले असू शकते. सतत बुडबुडे येणे हे हवेच्या गळतीचे लक्षण होय. व्यापारी घरात रोजमेळ जुळल्यावाचून दिवस संपत नाही. परिचारिकाही तितक्याच काटेकोरपणे स्रावाचे प्रमाण व रंग वेळेसह नोंदवते. तासाला 100 मिलिलिटरहून अधिक रक्त आले किंवा धाप वाढली, तर डॉक्टरांना तत्काळ कळवावे लागते.

चुका बहुधा नातेवाइकांच्या मायेतूनच घडतात. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवताना कोणी बाटली उचलून त्याच्या छातीवर ठेवतो. बाटली छातीपेक्षा उंच गेली, की आतील द्रव उलट छातीत जाऊ शकतो. म्हणून वाहनातही ती खालीच व उभी असावी. सांडू नये म्हणून नळीला चिमटा लावणे त्याहून घातक. कोंडलेली हवा फुप्फुस व हृदय दाबून प्राणावर बेतू शकते. नळी बाटलीपासून सुटली, तर तिचे टोक निर्जंतुक पाण्यात बुडवावे. छातीतूनच निघाली, तर जखम लगेच स्वच्छ पट्टीने झाकून डॉक्टरांना बोलवावे.

दुखते म्हणून रुग्ण खोकणे व दीर्घ श्वास घेणे टाळतो. परंतु फुप्फुस फुगण्यास तेच आवश्यक असते. त्यासाठी वेदनाशामक औषध वेळेवर मिळायला हवे. चौविहाराचा नियम असल्यास तो लपवू नये. डॉक्टरांना आधीच सांगितल्यास औषधाच्या वेळा बदलता येतात किंवा इंजेक्शनचा पर्याय निघतो.

जैन परंपरेने वैयावच्चाची गणना सहा आभ्यंतर तपांत केली आहे. उपवासाचे तप इतरांना दिसते. मध्यरात्री जागून बाटलीतील पाण्याची हालचाल पाहणाऱ्याचे तप कोणाला दिसत नाही. पण त्याच्या जागरणावर एखाद्याचा श्वास अवलंबून असतो.