प्लास्टिकचं गांडूळ, हायड्रिलाचं रान

शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांना हायड्रिला आठवत असेल. चंचुपात्रात पाणी, नरसाळ्याखाली दाबलेल्या हिरव्या काड्या, वर पालथी परीक्षानळी आणि उन्हात ठेवलं की निघणारे बुडबुडे. आपल्याकडच्या तळ्यांतली ही साधीसुधी वनस्पती १९५० च्या दशकात मत्स्यालयाची शोभा म्हणून अमेरिकेत, फ्लोरिडात पोहोचली. तिथून ती कालव्यांत निसटली आणि बघता बघता तिने तळीच्या तळी व्यापली. बोटींचे पंखे अडकू लागले, कालव्यांची तोंडं तुंबली. सरकारने तिला शत्रू ठरवलं. गळवाल्यांनी मात्र तिच्याशी जमवून घेतलं, कारण लार्जमाउथ बास नावाचा मासा तिच्याच आडोशाने दडून बसतो.

अमेरिकेत गोड्या पाण्यात हौसेने गळ टाकणाऱ्यांचा हा सगळ्यात लाडका मासा. हिरवट अंग, बाजूने काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. विक्रमी वजन दहा किलोंच्या किंचित वर आहे, पण दोन-अडीच किलोंचा बास मिळाला तरी दिवस सार्थकी लागला असं समजतात. फ्लोरिडातलं ओकीचोबी सरोवर त्याचं माहेरघर. क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई त्यात तीनदा मावेल. सरासरी खोली मात्र तीन मीटरसुद्धा नाही. पश्चिमेच्या काठाला तर मैलोन्‌मैल लव्हाळी, पाणकणीस आणि पाण्याखाली गवतच गवत.

बास पाठलाग करणारा मासा नव्हे. तो टपून बसतो. गवतात त्याला सावली मिळते, आणि लहान मासे, झिंगे, बेडूक तिथे आपणहून येतात. भक्ष्य टप्प्यात आलं की तो जबडा एकदम फाकतो, आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. तोंडात आलेली वस्तू कडक किंवा अनोळखी लागली, तर थुंकून टाकायलाही तो तेवढाच चपळ.

म्हणजे मासा गवतात, आणि गवतात गळ टाकावा तर प्रत्येक खेपेला शेवाळाचा झुपका वर येतो. तीन काट्यांच्या गळाची लाकडी किंवा धातूची आमिषं तर अशा जागी काही उपयोगाची नाहीत.

ही कोंडी फोडण्याची सुरुवात ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये झाली. गुडइयर, फायरस्टोन यांच्या टायर कारखान्यांचं हे गाव. तिथल्या निक क्रीम नावाच्या यंत्र कारागिराने १९४९ मध्ये, बायको कॉस्मा हिच्या साथीने, घरच्या घरी द्रवरूप व्हिनाइल तापवून साच्यात ओतलं. रबरी गांडुळं त्याआधीही होती, पण ती ताठ असत, पाण्यात पडली तरी मेल्यासारखीच. क्रीमचं गांडूळ बोटावर धरलं तर दोन्ही टोकांनी लोंबायचं आणि पाण्यात जरा हिसका बसला की वळवळायचं. धंदा वाढला तशी कंपनी पुढे टेक्सासमधल्या टायलर गावी गेली.

गंमत अशी की क्रीमच्या सुरुवातीच्या गांडुळांना दोन-तीन गळ आधीच लावलेले असत आणि त्यांची टोकं उघडी असत. स्वच्छ पाण्यात ते खपून गेलं. टेक्सासमध्ये मात्र १९६० च्या दशकात सॅम रेबर्नसारखे नवे जलाशय भरत होते आणि त्यांच्या पोटात उभी झाडं, फांद्या, झुडपं तशीच बुडत होती. उघडा गळ तिथे टाकणं म्हणजे तो तिथेच सोडून येणं. यातूनच जी जुळणी रूढ झाली तिला टेक्सास रिग म्हणतात. ती नेमकी कोणी शोधली यावर गळवाल्यांचं एकमत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

जुळणी करायला अर्धं मिनिट पुरतं. तंगुसात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं ओवायचं, टोक वरच्या बाजूला. मग मोठा गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा-एक सेंटिमीटर खुपसून बाजूने बाहेर काढायचं, गळ तसाच ओढून त्याचा डोळा डोक्यात रुतवायचा, गळ अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात दडवायचं. गांडूळ सरळ राहिलं पाहिजे. जरा वाकडं बसलं की पाण्यात भिंगरीसारखं फिरतं आणि तंगुसाला पीळ पडतो. नीट जमलं तर बोट फिरवूनही टोक लागत नाही. शिसं निमुळतं, गळ झाकलेला, त्यामुळे सगळं प्रकरण गवताच्या काड्यांमधून सुळकन खाली उतरतं. मासा चावला की मऊ प्लास्टिक दबतं आणि टोक उघडं पडतं. क्रीमचं गांडूळ मोठं खरंच, पण गवताचं कुलूप उघडलं ते या दडवलेल्या टोकाने.

उथळ पाण्यात, कमरेएवढ्या किंवा त्याहूनही कमी खोलीत, शिसं जितकं हलकं तितकं बरं. तीन ते सात ग्रॅम पुरे होतं. विरळ गवतात काही जण शिसं लावतच नाहीत. जपानी वंशाचे अमेरिकन गॅरी यामामोतो यांचं १९९० च्या दशकातलं सेंको हे आमिष याच कामाचं. दिसायला जाड पेनासारखं, शेपूट नाही, पंख नाहीत. पण प्लास्टिकमध्ये मीठ मिसळल्यामुळे ते वजनदार असतं आणि आडवं, दोन्ही टोकं थरथरवत हळूहळू बुडतं. मिठामुळे मासा ते जास्त वेळ तोंडात धरतो, असंही सांगतात. उलट जलपर्णीचा जाड तवंग फोडायचा असेल, तर तीस-चाळीस ग्रॅमचं टंगस्टनचं वजन लावून आमिष वरून सरळ आत घुसवावं लागतं.

टाकायचं कुठे? गवताच्या मधोमध नव्हे, तर जिथे गवत संपतं, वळतं किंवा जिथे त्यात ताटाएवढी मोकळी जागा आहे तिथे. गांडूळ पडलं की हात आवरायचा. बहुतेक वेळा मासा ते बुडतानाच घेतो, म्हणून नजर हवी ती तंगुसावर. हाताला टक्‌टक्‌ जाणवते, नाहीतर तंगूस आपोआप बाजूला सरकू लागतो, किंवा तळ लागण्याआधीच सैल पडतो. मग काठी खाली, ढील गुंडाळून घ्यायची आणि जोरात हिसका. त्यानंतर मायादया नाही: माशाने गवतात दोन गिरक्या मारल्या की त्याच्याबरोबर पाच किलो हायड्रिला वर ओढायची तयारी ठेवावी. म्हणून इथे विणलेला जाड दोरा वापरतात. आपल्याकडे शेवाळलेल्या तळ्यांत मऊ बेडकाचं आमिष टाकून मरळ काढणाऱ्यांना हा झगडा ओळखीचा वाटेल.

रंगांबद्दल मात्र फार मनावर घेऊ नये. कलिंगड, हिरवा भोपळा, द्राक्ष: पाकिटांवरची नावं वाचून मंडईत आल्याचा भास होतो. गढूळ पाण्यात गडद आणि नितळ पाण्यात फिकट, एवढं पाळलं तरी काम भागतं. बाकीचे रंग माशांपेक्षा गिऱ्हाइकांना गळाला लावतात.

हायड्रिलावरून मात्र खरीखुरी भांडणं झाली. टेक्सासच्या कॉनरो तलावात ती बेसुमार माजली, तेव्हा १९८१-८२ मध्ये तिथे सुमारे २,७०,००० ग्रास कार्प सोडण्यात आले. आपल्याकडच्या मत्स्यतळ्यांतला गवत्या तो हाच. १९८३ पर्यंत त्यांनी हायड्रिला तर फस्त केलीच, पण पाण्याखालचं बाकीचं गवतही शिल्लक ठेवलं नाही. नावा चालवणारे खूश झाले आणि बासवाले कपाळाला हात लावून बसले. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. गवताने तलाव गच्च भरला तर बासलाही शिकार करता येत नाही, आणि गवत मुळीच नसेल तर त्याच्या पिल्लांना लपायला जागा उरत नाही. पण २,७०,००० गवत्यांना 'आता पुरे' असं कोण सांगणार?

प्लास्टिकच्या गांडुळांवरही आक्षेप आहेतच. ती फाटतात, गळावरून निसटतात आणि तळाशी पडून राहतात. माशांच्या पोटात ती सापडली आहेत. अमेरिकेच्या मेन राज्यात २०१३ मध्ये त्यांच्यावर बंदीचं विधेयक आलं, पण बंदी काही झाली नाही. जपान पुढे गेलं. तिथे बास पहिल्यांदा १९२५ मध्ये आशी सरोवरात अमेरिकेतून आणून सोडला होता. आज त्याच आशीत आणि फुजी पर्वताच्या पायथ्याच्या कावागुची सरोवरात मऊ प्लास्टिकची गांडुळं वापरायला मनाई आहे. कावागुचीवरचे हौशी लोक त्याऐवजी डुकराच्या चामडीच्या चिवट पट्ट्या गळाला लावतात. क्रीमचं गांडूळ येण्याआधी अमेरिकेतले गळवाले हेच आमिष वापरत.