अपडेट अडकलंय? थांबा, प्लग ओढू नका



मागे एका शनिवारी सकाळी साडेनऊला थळहून एका ताईंचा फोन आला. अलिबागच्या उत्तरेला, समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी दिसतात ते थळ. ताईंचा सुक्या मासळीचा घरगुती व्यवसाय आहे. बोंबील, जवळा, सुकट, सोबत कोकम आणि हंगामात अलिबागचा पांढरा कांदा. मुंबई-पुण्याकडून व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येतात, शनिवारी दुपारी कुरिअरवाला येऊन पार्सलं घेऊन जातो. त्या दिवशी सतरा पार्सलं तयार होती. आदल्या दिवशी नवीन लेबल प्रिंटर आला होता आणि तो चालवायला एक पॅकेज टाकायचं होतं.

"सर, लॅपटॉप अडकलाय. भाच्याने काहीतरी केलं, आता तर तो भलतंच दाखवतोय. माझी उधारीची फाईल गेली का हो?"

तिचा जीव अडकला होता तो प्रिंटरमध्ये नाही, त्या फाईलमध्ये. कोणाकडून किती यायचंय हे त्या एका फाईलशिवाय कुठेच नव्हतं.

आता थोडी मागची गोष्ट. हा लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ या लॅपटॉपवर बसत नव्हतं आणि नवा घ्यायला पैसे नव्हते. म्हणून मीच सांगितलं, उबुंटू टाका. फुकट आहे, हिशोबाला लिब्रेऑफिस मिळतं, जुन्या मशीनवर बरं चालतं. ताईंनी टाकलं आणि दोन-तीन महिने काही तक्रार नव्हती. तुमच्यापैकीही अनेकांनी या काळात हेच केलंय, त्यामुळे आजचा लेख नीट वाचा.

लिनक्सवर कुठलंही सॉफ्टवेअर टाकायचं तर ते पॅकेज मॅनेजर टाकतो. उबुंटूत त्याचं नाव एपीटी, आणि त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करणारा डीपीकेजी. एपीटी माल मागवतो, डीपीकेजी तो उघडून जागच्या जागी लावतो आणि वहीत नोंद करतो. ही वही महत्त्वाची. मशीनमध्ये काय काय आहे, कुठलं अर्धवट आहे, सगळं तिच्यात.

एका वहीत दोघांनी एकदम लिहिलं तर काय होईल? म्हणून कुलूप असतं. दुकानात गल्ल्याची किल्ली एका वेळी एकाकडेच असते ना, तसंच. एक जण काम करत असेल तर दुसऱ्याने थांबायचं. पडद्यावर "वेटिंग फॉर कॅश लॉक" असं येतं, पुढे किल्ली कोणाकडे आहे त्याचा क्रमांक आणि नाव असतं, आणि सेकंद मोजले जात असतात. लोकांना वाटतं मशीन अडकलं. मशीन अडकलेलं नाही, ते रांगेत उभं आहे.

ताईंच्या मशीनवर किल्ली होती "अनअटेंडेड अपग्रेड" नावाच्या कामाकडे. उबुंटू सुरक्षेची अपडेट्स रोज आपणहून टाकतो, तुम्हाला न विचारता. यात एक बारकावा आहे जो आपल्यासारख्यांना नेमका नडतो. ही कामं ठरलेल्या वेळेला होतात, पण त्या वेळी मशीन बंद असेल तर राहिलेलं काम मशीन सुरू केल्यावर लगेचच उरकायला घेतलं जातं. ताई लॅपटॉप आठवड्यातून एकदाच, शनिवारी सकाळी उघडतात. म्हणजे आठवड्याचं थकलेलं सगळं काम त्याच वेळी सुरू, आणि त्याच वेळी ताईंना बिलं-लेबलं काढायची घाई. वर नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर.

भाच्याने दहा मिनिटं वाट पाहिली. मग उपाय शोधला आणि कुलपाची फाईल पुसून टाकली. परत प्रिंटरचं पॅकेज टाकायला घेतलं, लाल अक्षरात चुका यायला लागल्या, घाबरून त्याने वायर ओढली. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे लॅपटॉप जागेवर बंद.

आणि कुलूप पुसायचा तो उपाय त्याला कुठे मिळाला? माझ्याच एका जुन्या व्हिडिओत. मी त्यात अगदी सहज म्हटलं होतं, "लॉक फाईल काढून टाका, काम झालं." तो व्हिडिओ मी आता काढलाय, पण तुमच्यापैकी कोणी पाहिला असेल तर इथे चूक कबूल करतो. फाईल पुसली म्हणून आधीचं काम थांबत नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे तो लिहीतच राहतो. तुम्ही मात्र नवं कुलूप आणून त्याच वहीत दुसऱ्या बाजूने लिहायला बसता. पुष्कळदा निभावून जातं, म्हणून हा उपाय पसरला. ज्या दिवशी निभावत नाही त्या दिवशी वहीचा चुथडा होतो.

फोनवर मी ताईंना सर्वांत आधी एकच गोष्ट विचारली. लॅपटॉप सुरू होऊन नेहमीचा पडदा येतोय का? येत होता. मग म्हटलं, फाईल गेलेली नाही, घाबरू नका. पॅकेज मॅनेजर तुमच्या स्वतःच्या फोल्डरला हातच लावत नाही. तुमची बिलं, उधारी, फोटो वेगळ्या खोलीत असतात. धोका होता तो वायर ओढल्याचा, कारण फाईल त्या वेळी उघडी होती. लिब्रेऑफिस उघडल्यावर त्याने विचारलं, फाईल परत मिळवू का? ताईंनी होय म्हटलं. सकाळच्या तीन नोंदी गेल्या होत्या, त्या व्हॉट्सॲपवरून परत लिहिता आल्या. फाईल लगेच पेनड्राइव्हवर घ्यायला लावली. मगच दुरुस्तीला हात घातला. हा क्रम तुम्हीही पाळा.

(कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देतोय. टाईप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या.)

टर्मिनल उघडल्यावर मशीन स्वतःच सांगत होतं की डीपीकेजीचं काम मध्येच तुटलंय, आधी ते पूर्ण करा. घाबरवणारी ओळ वाटते, पण तिच्यातच औषध लिहिलेलं असतं. कमांड अशी: सुडो, जागा, डीपीकेजी, जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून कॉन्फिगर, जागा, एक आडवी रेघ आणि तिला चिकटून ए. पासवर्ड मागेल. टाईप करताना काहीच उमटत नाही. ते तसंच असतं, टाईप करत राहा.

ही कमांड अर्धवट राहिलेलं प्रत्येक पॅकेज शोधून पूर्ण करते. ताईंच्या पडद्यावर ओळी सरकायला लागल्या आणि मध्येच परत थांबल्या.

"सर, परत अडकलं."

"शेवटची ओळ वाचा."

तो प्रश्न होता! एका सेटिंगच्या फाईलची नवी प्रत आली आहे, तुमची जुनी ठेवू की नवी घेऊ, असं मशीन विचारत होतं. त्याने रात्रीपर्यंत वाट पाहिली असती. असा प्रश्न आला आणि काही कळत नसेल तर नुसतं एंटर दाबा, तुमची जुनी सेटिंग तशीच राहते. ताईंनी दाबलं, गाडी पुढे सरकली.

अडकलंय असं जिथे वाटतं तिथे बऱ्याचदा मशीन उत्तराची वाट पाहत असतं. मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट टाकताना परवान्याचा एक पडदा येतो, त्यात "ओके" दिसतं पण माउसने दाबलं जात नाही. टॅब दाबून त्यावर जायचं, मग एंटर. हे माहीत नसल्याने किती जणांनी मशीन बंद केलं असेल, देव जाणे. आणि सॉफ्टवेअर स्टोअरच्या चित्रांच्या खिडकीतून काही टाकत असाल तर कधीकधी प्रश्न आतल्या आत विचारला जातो, तुम्हाला नुसतं गोल फिरणारं चाक दिसतं. म्हणून मी म्हणतो, टर्मिनलला घाबरू नका. निदान तो काय विचारतोय ते तरी दिसतं.

कॉन्फिगर झाल्यावर दुसरी कमांड: सुडो, एपीटी, मग दोन रेघा, फिक्स, एक रेघ, ब्रोकन, आणि शेवटी इन्स्टॉल. फिक्स-रेघ-ब्रोकन हा एकच शब्द समजायचा. ही मोडकी जोडणी सांधते. इथे मात्र पटकन होय म्हणू नका. काही काढून टाकायचं असेल तर ते आधी यादीत दाखवलं जातं. यादी छोटी आणि अनोळखी नावांची असेल तर ठीक. तुमच्या रोजच्या वापरातलं काही त्यात दिसलं, तर नाही म्हणा आणि जाणकाराला विचारा. ताईंच्या यादीत काढायचं काही नव्हतं. मग सुडो एपीटी अपडेट, आणि शेवटी प्रिंटरचं पॅकेज. पावणेबाराला पहिलं लेबल निघालं, तेही तिरकं.

आता नेटचं. पडद्यावर शून्य टक्के आणि "कनेक्टिंग" किंवा "वेटिंग फॉर हेडर्स" असं दिसून गाडी हलत नसेल, तर वही-कुलपाचा संबंध नाही, माल येण्याची वाट अडलेली आहे. ब्राउझर उघडून नेट तपासा. नेट नीट असूनही हेच होत असेल तर सॉफ्टवेअर अँड अपडेट्समध्ये जाऊन सर्व्हर बदला. भारतातला निवडला असेल तर मुख्य सर्व्हर निवडा, किंवा उलट. काही नेटवर आयपीच्या सहाव्या आवृत्तीने घोळ होतो. तेव्हा एपीटीला फक्त चौथी आवृत्ती वापरायला सांगता येतं, ते टाईप करणं थोडं लांबलचक आहे, वेगळ्या व्हिडिओत दाखवेन.

याला जोडून सर्वांत कामाची गोष्ट. माल उतरत असताना, म्हणजे नुसतं डाऊनलोड चालू असताना, कंट्रोल आणि सी दाबून थांबवलंत तर काही बिघडत नाही. पुढच्या वेळी तो उरलेलंच आणतो. पण पडद्यावर "अनपॅकिंग" किंवा "सेटिंग अप" अशा ओळी सुरू झाल्या की हात लावायचा नाही. तेव्हा नेट गेलं तरी फारसं अडत नाही, माल घरात आलेला असतो. तेव्हा वीज जाणं वाईट.

डिस्क भरली असेल तरीही हेच दिसतं. डीएफ, जागा, रेघ एच अशी कमांड दिली की कुठे किती जागा उरली ते कळतं. शंभर टक्के दिसलं तर आधी फोटो-व्हिडिओ हलवा. सुडो एपीटी क्लीन दिलं तर उतरवून झालेल्या पॅकेजांचा साठाही निघून जातो, त्याने नुकसान नाही.

आणि खरंच अडकलं असेल तर? तसं होतं, पण क्वचित. ओळखायचं कसं: दुसरं टर्मिनल उघडा आणि डीपीकेजीची नोंद बघा. सुडो, टेल, रेघ एफ, आणि पुढे व्हार फोल्डर, त्यात लॉग, त्यात डीपीकेजी डॉट लॉग. तारीख-वेळेसह नव्या ओळी पडत असतील तर काम चालू आहे, चहा घेऊन या. जुन्या मशीनवर एखादं मोठं पॅकेज बराच वेळ खातं, कर्नलचं तर नक्कीच. वीस-पंचवीस मिनिटं एकही ओळ पडली नाही, डिस्कचा दिवा शांत, पडद्यावर प्रश्नही नाही, मगच ते काम बंद करायचा विचार. "वेटिंग"च्या ओळीत जो क्रमांक दिसतो तोच घ्या. सुडो, किल, आणि तो क्रमांक. नुसतं किल. बरेच जण त्याच्यापुढे रेघ नऊ लावायला सांगतात, म्हणजे धडाधड मुंडी मुरगाळणं. साधं किल आधी वापरा, त्यात त्या कामाला आवरायला वेळ मिळतो. मग वर सांगितलेली कॉन्फिगरची कमांड. कुलपाच्या फाईलला अजूनही हात नाही.

थळचं पुढे काय झालं? सतरापैकी अकरा पार्सलं शनिवारीच गेली. सहा सोमवारी. एका पुण्याच्या गिऱ्हाईकाने ऑर्डर रद्द केली, घरी पूजा होती आणि त्याला रविवारच्या आतच माल हवा होता. साडेसहाशेचं नुकसान, वर बोलणी खाल्ली ती वेगळी. भाच्याला ओरडू नका, असं मी ताईंना म्हटलं. ओरडायचं असेल तर मला ओरडा.

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. लॅपटॉप आता शुक्रवारी संध्याकाळी, जेवणं उरकली की उघडतात. अपडेट त्याचं तो होतं, झोपायच्या आधी बंद. पण विजांचा कडकडाट असेल तर उघडायचाच नाही, कारण किनाऱ्याला वीज कधी जाईल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे जुनी बॅटरी बदलली. अठराशे रुपये लागले. ताई आधी नको म्हणत होत्या, सतरा पार्सलांचा हिशोब मांडून दाखवल्यावर तयार झाल्या.

उधारीची फाईल दर शनिवारी पेनड्राइव्हवर जाते. पेनड्राइव्ह मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलाय, तिथून तो हरवत नाही असं त्यांचं म्हणणं आहे.